देवघरातलं पुस्तक

आमच्या मोठेबाबाएवढा मशीनले जपनारा मानूस मी तरी पाह्यला नाही, बे. दसऱ्याले फवाऱ्याच्या पेट्रोल इंजिनले हार, हर अमावस्येले नारळ. तरी ऐन सोयाबीनवर अळी पडली अन् फवारा बंद! दोरी ओढू ओढू माह्या खांद्याचा जीव गेला.

मोठेबाबा म्हने, "कोनाची तरी नजर लागली."

शेवटी मोताळ्याले मिस्त्रीकडे नेला. त्यानं एअर फिल्टर उघडला, तं आत हळद, कुंकू अन् चार अक्षदा. ऑइल काढलं, तं डांबरावानी काळं.

"काका, ऑइल कवा बदललं होतं?"

"ते बदलाचं रायते काय?"

"फिल्टर तरी साफ केला?"

"वरून रोज पुसतो ना."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "अहो, मशीनसोबत पुस्तक भेटलं असन. त्यात सगळं लिहेलं रायते. वाचलं नाही काय?"

मोठेबाबा असे भडकले! "वाचाले ते काय पेपर हाय? लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवलं हाय. मशीन घेतल्यापासून कोनाले हात नाही लावू दिला त्याले!"