तेज चालणारी बंदूक

लाखनी गावच्या हार्डवेअरच्या दुकानात रांगेतला पुढचा पोरगा बायकोला बोलूच देत नव्हता. मागे उभ्या चंद्रकांताबाईंचं डोकं तापत चाललं होतं.

"हवेवरची खिळ्यांची बंदूक द्या, भाऊ. तेज चालणारी."

"तिचा घोडा दाबून धरला, का जिथं टेकली तिथं खिळा घुसते. ही दुसरी घ्या, दर खिळ्याले घोडा दाबा लागते."

"हळू चालते ते. गोठ्याचं छप्पर कधी होईन?"

"अहो, दुसरीच घ्या ना. मले लय भेव लागते."

"तुले काय समजते? चूप राय."

चंद्रकांताबाई पुढे सरकल्या.

"ठोकताना फळी कोण धरते रे, बापू?"

"हे बायकोच धरते, आजी."

"मंग घे तेज बंदूक. पण फळी तू धर, अन् खिळे तिले मारू दे!"