आधी खोली

सन्माननीय अध्यक्ष हैबतराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती वृंदाताई आणि पेण-रोह्याहून आवर्जून आलेल्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला चार गोड शब्द बोलण्यास सांगितले आहे. शब्द तोलून वापरण्याची सवय मला शिक्षकी पेशाने लावली. गोडीची हमी मात्र देता येत नाही.

परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यावर ताईंनी आपल्या समितीच्या पेणमधील आठ खोल्यांची जबाबदारी स्वीकारली. माझे घर त्या खोल्यांना लागूनच. वर्षानुवर्षे उघड्यावर राहिलेल्या माणसांना तिथे कायमची खोली मिळे. औषधपाणी आणि विचारपूस ताईंकडे. आधी दारू सोडा, मग खोली, असे आपण सारे म्हणतो. ताई विचारत, ज्याला पाठ टेकायला जागा नाही, त्याने दारू सोडायची ती कशाच्या आधारावर?

नाथा हा धरमतरकडच्या मिठागरातला कामगार. बायको गेली, व्यसन जडले, घर सुटले आणि एस. टी. स्थानकातल्या बाकड्यावर त्याची वर्षे गेली. ताईंनी त्याला खोली दिली. तो पिऊन परतला की त्या म्हणत, “नाथा, तुझ्यापेक्षा तुझी खोली शहाणी, जागेवर तरी राहते.” तो ओशाळून हसे. पिणे कमी झाले, थांबले नाही.

एका भाद्रपदात त्याने गणपती आणायचे ठरवले. पेणमध्ये मूर्तींना काय तोटा? पण मूर्ती आणायला घर लागते. शेजाऱ्यांनी नाके मुरडली; दारुड्याच्या हातची पूजा कसली, असेही कोणी म्हणाले. नाथा ताईंना म्हणाला, “बाय, दीड दीस मी घेनार नाय. फुडचा सांगत नाय.”

त्याने शब्द पाळला. कैक वर्षे अबोला धरलेला त्याचा भाऊ दाजी दर्शनाला आला आणि भावाच्या घरी जेवून गेला. आपल्या कोकणात या येण्याचा अर्थ कोणाला सांगावा लागतो काय?

पुढच्या उन्हाळ्यात समितीने ठराव केला, पिणाऱ्याने खोली सोडावी. हेतू चांगलाच असणार, अध्यक्षमहाराज. ताईंनी विरोध नोंदवला. नाथा भांडला नाही. खोली झाडून, कुलूप लावून, किल्ली ताईंना देऊन बाकड्यावर परतला.

भाद्रपदात दाजी नारळ घेऊन पुन्हा आला. स्थानकात गाडीतून उतरणारा भाऊ दिसताच नाथा दुसऱ्या गाडीच्या आड लपला. दाजीने खोलीचे कुलूप पाहिले, नारळ उंबऱ्यावर ठेवला आणि तो निघून गेला. भावाला हाक का मारली नाहीस, असे ताईंनी नंतर विचारले.

“बाय, भाऊस दर्शनाला आलता. त्याला काय बाकडा दाखवू?”

पौषात त्याच बाकड्यावर तो गेला. त्यानंतर ताईंनी राजीनामा दिला. निमंत्रणपत्रिकेत आपण त्याला निवृत्ती म्हटले आहे.

ताईंनी शालश्रीफळ नाकारले आहे. नाथाच्या खोलीची किल्ली त्या आज अध्यक्षांच्या हाती देतील. त्या बाकड्यावर आता पोपट नावाचा माणूस निजतो. तोही पितो. अध्यक्षमहाराज, किल्ली देण्यापूर्वी आपण त्याला काय विचारणार आहात?

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलेत, मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणेअधिक झाले असल्यास उदार मनाने क्षमा करावी. बोललो याबद्दल मात्र ती मी मागत नाही.