चातुर्मासाचं मौन

आणि वर ते धम्मपाल सर मलाच म्हणतात, "मावशी, तुम्ही मला वाक्यच पूर्ण करू दिलं नाहीत!" आता तुम्हीच सांगा, मी काय कुणाला बोलू न देणारी बाई आहे?... बरं, असेन. पण माझ्या मनात वाईट नव्हतं हो!

धम्मपाल सर म्हणजे आमच्या विजयश्रीचे सुपरवायझर, चाकणच्या कंपनीतले. ती तिथं गाडीच्या रबरी रिंगा तपासते. केसाएवढी चीर असली तरी तिला दिसते, आणि आमच्या ह्यांना कपाळावरचा चष्मा सापडत नाही! तर तुम्हाला सांगते, विजयश्रीला ऑटिझम आहे. बघा... बोलले. सात वर्षं आपण पिंपळे गुरवात शेजारी राहतोय आणि मी तुम्हाला काय सांगत आले? "लाजाळू आहे, आत्यावर गेलीय." बिचारी आत्या! लातूरला अख्खी गल्ली गोळा करून बोलते ती!

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पोर सहा वर्षांची होती. तेव्हापासून सोळा सोमवार दोनदा केले, एक संकष्टी चुकवली नाही, आणि देवापुढे बसून काय मागत होते? तर, पोरगी बदलून दे. आता आठवलं की मान खाली जाते. तिला नोकरी दे, हे मागायचं सुचलंच नाही. ती तिची तिनं मिळवली. आधी दोन ठिकाणांहून परत पाठवली होती, "मॅडम, मुलगी हुशार आहे, पण मिसळत नाही." मिसळत नाही! भजीचं पीठ आहे का ती? म्हणून ही तिसरी नोकरी लागल्यावर मी ठरवलं, ह्या वेळी कुणाला काही कळू द्यायचं नाही. सहा महिने निभावले की पर्मनंट. मग सांगू. किंवा मग तरी कशाला सांगायचं?

आषाढी झाली आणि तिसऱ्याच दिवशी धम्मपाल सरांचा फोन. "मावशी, विजयश्री फारशी बोलत नाही ना, तर त्याबद्दल जरा..." झालं! हातात वाती वळत होते, समोर देव, आणि तोंडातून काय निघालं? "मौन! मौन धरलंय तिनं सर! चातुर्मासाचं!" सर म्हणाले, "अच्छा... बरं. काही हरकत नाही." आणि मी फोन ठेवून देवाला साखर ठेवली. खोट्याबद्दल साखर! माझ्या मनात वाईट नव्हतं हो!

तेवढ्यावर थांबले असते तर मी कसली? कंपनीच्या बसला सोडायला गेले, तर तिथं कस्तुराबाई, खेडच्या बाजूच्या, तिच्याच लाइनवरच्या. म्हणाल्या, "ताई, पोरगी घुमी हाय व्हय? हाक मारली तरी बगत न्हाई." मी तेच ठोकून दिलं. "आगं बया, चार महिनं मौन? ह्या वयात? देवमाणूस हाय की!" बस चाकणला पोचेपर्यंत सगळ्या कंपनीत झालं. आणि इकडे मी विजयश्रीला बजावलं, कुणी विचारलं तर काही बोलू नकोस. ती खोटं बोलत नाही, पण न बोलणं तिला जमतं. म्हणजे खोटं मी बोलायचं आणि गप्प तिनं बसायचं, अशी वाटणी.

मग काय, कौतुकच कौतुक! धम्मपाल सरांनी तिचं टेबल प्रेस मशीनच्या धडधडीपासून लांब खिडकीशी नेलं, जवळचा रेडिओ बंद केला, काम तोंडी सांगण्याऐवजी कागदावर लिहून द्यायला लागले. मी म्हटलं, बघा, व्रताची ताकद! घरी येऊन ह्यांना ऐकवलं. हे म्हणाले, "व्रत कुठंय पण?" मी म्हटलं, तुम्ही जेवा.

पण बायका पाया पडायला लागल्या हो तिच्या! शिफ्टला येताना एकदा, जाताना एकदा. आणि तिला तर कुणाचा हात लागलेला सहन होत नाही, मी आई असून विचारून जवळ घेते. ती बिचारी पाय वर घेऊन मांडी घालून बसायला लागली, तर म्हणे, "आसन लावलं!" अजून गर्दी! घरी आली की अर्धा तास पावलं चोळून धुवायची. दिवाळीनंतर तिच्या हातून दोन चिरलेल्या रिंगा पुढे गेल्या. तिच्या हातून! त्या रात्री जेवली नाही. मला सगळं दिसत होतं आणि मी काय केलं? दृष्ट काढली.

कार्तिकी एकादशी झाली, दुसऱ्या दिवशी कस्तुराबाईंनी कॅन्टीनमध्ये उद्यापन ठेवलं. मला आमंत्रण! मी भरजरी नेसून गेले, लाज बघा माझी. रांगोळी, पाट, ओटीचा नारळ, पन्नास बायका. "बाई, आता पयला शबुद बोला, आमी कान लावून हाय." सगळ्या हात जोडून. आणि विजयश्री पाटाजवळ उभी राहिली, भिंतीकडं बघत, एका दमात म्हणाली,

"माझं मौन नव्हतं. आई खोटं बोलली. मला ऑटिझम आहे. पायाला हात लावू नका, मला त्रास होतो, माझं काम चुकतं. आता टेबल परत प्रेसजवळ नेणार का?"

मग कस्तुराबाई माझ्याकडं वळल्या. "मंग आमी काय येड्यावाणी पाया पडत हुतो व्हय?" माझ्या मनात वाईट नव्हतं... एवढंसुद्धा तोंडातून फुटेना. धम्मपाल सर पुढं आले. तिला म्हणाले, "टेबल आहे तिथंच राहील." आणि मला म्हणाले, "मावशी, फॉर्मवर तिनं पहिल्याच दिवशी सगळं लिहून दिलं होतं. मी फोन केला होता तो तिला अजून काय लागतं ते विचारायला. तुम्ही मौन म्हणालात, मला वाटलं, तुम्हाला हा विषय नकोय."

म्हणजे खिडकी, रेडिओ, कागद, सगळं तिच्या चार ओळींमुळं! माझ्या व्रतामुळं काय मिळालं? तर पाया पडणाऱ्या बायका. कस्तुराबाईंनी नारळ उचलला, तिच्यासमोर टेबलावर ठेवला, तिला हात न लावता, आणि म्हणाल्या, "तुजा हाय. रिंगा बगती तशीच बगत जा." मला मात्र साधं कुंकूसुद्धा लावलं नाही.

रात्री विजयश्रीनं वही घेतली. "आई, कुणाकुणाला खोटं सांगितलंस?" चौसष्ट नावं निघाली. म्हणाली, प्रत्येकाच्या घरी जायचं, फोन चालणार नाही, आणि वाढवून सांगायचं नाही. तुमचं घर एकविसावं. तुम्हाला सांगते, निर्जळी एकादशी परवडली!

आता वरच्या मजल्यावर कौशल्याबाई. त्यांना मी श्रावणात मौनातल्या विजयश्रीच्या हातचं म्हणून एक फूल दिलं होतं... आणि त्यांचा गुडघा दुखायचा थांबलाय हो! आता खरं सांगितलं आणि पुन्हा धरला तर?... बघते. जिन्यानंच जाते, तेवढाच उशीर होईल.