फोटोंची दुसरी प्रत

फोटोंचं विचारताय, तर आमच्या घरचं ऐका. बायको गेल्यावर मुलाने तिचे सगळे फोटो दोन हार्ड डिस्कवर भरले. “एक बिघडली तरी दुसरी आहे,” म्हणाला आणि दोन्ही एकाच कपाटात ठेवल्या. मी चौथी शिकलेला, मला कोण विचारतो?

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरचा नळ उघडा राहिला. पाणी झिरपून आमचं कपाट आतून भिजलं. मुलगा ओली डिस्क हातात घेऊन रडकुंडीला आला.

“बाबा, आईचे फोटो गेले! दुसरी डिस्क तर सापडतच नाही.”

“ती येरवड्याला आहे, तुझ्या आत्याकडे. मीच नेऊन दिली.”

“मला न विचारता? कशासाठी?”

“घराची दुसरी किल्ली तू घरातच ठेवतोस का?”