हळदीच्या संध्याकाळचा रोल

मयुरी : हा बेचाळिसावा, नाना. पंख आले तर सोंड नाही, सोंड आली तर फूल अर्धं कापलेलं. एवढा महागाचा कॅमेरा, सेकंदाला वीस फोटो काढतो, पण त्या विसांत एक धड नाही.

रुपचंद : तू पतंगाच्या मागं धावतेस, बेटा. तो कोणाच्या बापाचं ऐकत नाही. फूल धर. ते कुठं पळून जाणार? समोरचा तो मोठा धोतरा बघ, आत्ता उमलायला लागलाय. त्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर फोकस लाव आणि गप्प बस. येणारा तिथंच हवेत उभा राहून सोंड घालणार आहे.

मयुरी : आणि बटण कधी दाबायचं? तो दिसला की?

रुपचंद : दिसल्यावर दाबलं की संपलं. लग्नात हार पडताना पाहून बटण दाबलं, तर फोटोत हार पडून गेलेला असतो. नवरीचे हात वर झाले की दाबायचं. यावलच्या स्टँडासमोर चाळीस वर्षं हेच करत पोट भरलं मी.

मयुरी : बरं, हात वर झाले की दाबते. पण ते पाकीट तुम्ही किती वेळा खिशातून काढणार आहात? घामानं भिजेल ते.

रुपचंद : तूच दे ना तुझ्या आईला. मी गेल्यावर दे. म्हणावं, रुपचंद फोटोवाल्यानं पाठवलंय, तुझ्या लग्नाचा फोटो आहे. एवढंच.

मयुरी : नाही. बाबांना जाऊन वर्ष झालं, आणि आईकडे त्यांचा तरुणपणीचा एक फोटो नाही, असं मी तुमच्या दुकानात सहज बोलून गेले. तुम्ही पाणी प्यायचं म्हणून आत गेलात ते अर्ध्या तासानं डोळे पुसत बाहेर आलात. फोटो काय, मी पोचवेन. पण चाळीस वर्षं तो का पोचला नाही, ते तुम्हीच सांगायचं. मीसुद्धा पाकीट उघडून पाहिलेलं नाही. पहिल्यांदा आई पाहील.

रुपचंद : आणि सगळं ऐकून तिनं मला बांधावरून हाकललं तर?

मयुरी : तर मी गाडीवरून यावलला सोडून येईन तुम्हाला. पण न सांगता सोडणार नाही. ती बघा, चहाची किटली घेऊन केळीतून आलीच.

प्रमिलाबाई : काय व मयुरी, दिवस बुडाले आला अन् तू अजून धोतऱ्यापुढं बसेल? लोकाच्या पोरी कालेजात शिकवतात, घरी येऊन पेपर तपासतात. माही पोरगी किडे पाहाते. अन् हे पाहुने कोन?

मयुरी : आई, हे रुपचंद नाना. यावलला एसटी स्टँडासमोर फोटो स्टुडिओ आहे ना, त्यांचा. उडत्या पतंगाचा फोटो कसा काढायचा ते शिकवायला आलेत मला.

प्रमिलाबाई : स्टँडासमोरचे? माह्या लग्नाचा रोल जाळला, ते?

रुपचंद : तेच, ताई.

प्रमिलाबाई : मंग बसा. चहा घ्या. चाळीस वर्सांचा राग चहावर कशाले काढू? साखर चालते ना?

रुपचंद : चालत नाही. पण आज द्या.

प्रमिलाबाई : मले तुमचं दुकान चांगलं याद आहे. पाहुन्यांकडे पाठवाले फोटो पाहिजे व्हता, तं आमी चौघी बहिनी एसटीनं आल्तो. कंगवा दोरीनं भितीले बांधेल. मी म्हनलं, हे काय, कंगव्याले दावं?

रुपचंद : महिन्याला सहा कंगवे जायचे, ताई. पावडरचा डबाही साखळीला होता.

प्रमिलाबाई : अन् मांगच्या पडद्यावर तळं, त्यात हंस. त्या हंसाची मान मोडेल व्हती.

रुपचंद : पडदा गुंडाळून गुंडाळून घडी पडली होती मानेवर. तरी लोकांना तोच लागायचा. ताजमहालाचा नवीन आणला, त्याच्यापुढं कोणी उभं राहीना. बाया म्हणायच्या, थडग्यापुढं कशाला फोटो काढायचा?

प्रमिलाबाई : खरंच आहे ना मंग. तुमी तं धुळ्याकडचे ना? तवा 'आहे'ले 'शे' म्हनत, लय शे-शे करत बोलत.

रुपचंद : शिंदखेड्याचा. इतकी वर्षं इकडं राहून ते बोलणं सुटलं. आता फक्त राग आला की येतं, नाहीतर रडू आलं की.

मयुरी : नाना, चहा गार होईल. बोला.

रुपचंद : बोलतो. ताई, तुमचा रोल जळाला नव्हता.

प्रमिलाबाई : काय म्हनले?

रुपचंद : जळाला नव्हता. मी तुमच्या वडलांना खोटं सांगितलं. रोलमध्ये उजेड शिरला, सगळं गेलं, असं सांगितलं. फोटो सगळे आले होते.

प्रमिलाबाई : मंग काऊन नही दिले?

रुपचंद : सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर मला जमणार नाही. तुमच्या हळदीला मी आदल्या दिवशीच गावात आलो होतो. तुळशीची लग्नं नुकतीच लागली होती, हेच दिवस. हळद आटोपली, जेवणाला वेळ होता. तुमच्या माहेरच्या नाल्याकाठी सगळा धोतरा पांढराशुभ्र फुललेला, आणि त्यावर हे पतंग. चिमणीएवढे. मी नवा फ्लॅश आणलेला होता. एकदा मारला की वीस आकडे मोजायचे, तेव्हा तो परत भरायचा. पतंग काही वीस आकडे थांबत नाही. तरी मी सगळा रोल त्यांच्यावर घालवला. छत्तीसच्या छत्तीस. तोवर मी जन्मात जे काढलं ते लोकांनी सांगितलं म्हणून. ते पहिले फोटो मला वाटलं म्हणून काढलेले. एवढा आनंद झाला होता, ताई, की रोल गुंडाळताना माझं लक्षच नव्हतं.

मयुरी : कोणी हलू नका. आला.

(कॅमेऱ्याचा टपटप आवाज.)

रुपचंद : मिळाला?

मयुरी : मिळाला बहुतेक. सोंड पूर्ण आत आहे, पंख दोन्ही आलेत. नंतर बघू. तुम्ही थांबू नका, नाना.

रुपचंद : वापरलेला रोल असतो ना, त्याची पट्टी पूर्ण डबीत गुंडाळून घ्यायची. टोकसुद्धा बाहेर ठेवायचं नाही. म्हणजे हात लागला की कळतं, हा वापरलेला. मी टोक बाहेर ठेवलं. कोऱ्या रोलचंही टोक बाहेरच असतं. दोन्ही डब्या एका खिशात. सकाळी तुमच्या लग्नाला मी तोच पतंगांचा रोल परत कॅमेऱ्यात घातला.

प्रमिलाबाई : म्हंजे काय झालं?

मयुरी : म्हणजे एकाच पट्टीवर दोन-दोन फोटो उमटले, आई. खाली आदल्या संध्याकाळचे पतंग, त्यांच्यावर तुझं लग्न.

रुपचंद : वरात गेल्यावर खिशातला कोरा रोल हाताला लागला, तेव्हा मला कळलं. यावलला जाऊन रोल धुतला. प्रत्येक फोटोत पतंग. अंतरपाटावर पतंग, भटजींच्या टकलावर पतंग. एकात तुमच्या छातीवर, पंख पसरून, हाताएवढा.

प्रमिलाबाई : तसेच द्याचे ना मंग. आमी काय फाशी दिली असती?

रुपचंद : त्या काळी? नवी नवरी, आणि अंगावर हे असं. लोक करणी म्हणाले असते, अपशकुन म्हणाले असते. मला वाटलं, त्यापेक्षा रोल जळाला म्हणावं. नाव ठेवायचं तर मला ठेवतील, तुमच्या अंगाला डाग लागणार नाही.

प्रमिलाबाई : मले लागनार नही.

रुपचंद : असं वाटलं मला.

प्रमिलाबाई : भाऊ, तुमी माह्या सासरी काय झालं ते कोनाले इचारलं कधी? रोल जयला म्हनल्यावर लोकं चूप बसले, असं वाटलं तुमाले? सासू म्हने, हा मानूस साऱ्या तालुक्याच्या लग्नाचे फोटो काढतो. कोनाचाच रोल जयला नही, मंग हिचाच काऊन जयला? तिथून सुरू झालं. गाय आटली, माह्या पायगुनानं. वादळात केयी आडवी झाली, माह्या पायगुनानं. मयुरीच्या आधीचं पोर सव्वा महिन्यात गेलं, तवाबी ती रडत रडत काय बोलली? जिच्या लग्नाचा फोटो टिकला नही, तिचं पोर काय टिकन.

मयुरी : आई, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

प्रमिलाबाई : काय सांगू? तुही आजी व्हती ती. तुले मांडीवर घेतल्याबिगर तिले झोप येत नव्हती. तुह्यावर जीव लावला तिनं, अन् मले बत्तीस वर्सं पेरनीची पहिली मूठ भरू दिली नही. दरसाली सरकी घेऊन बांधावर जायची मी, अन् मूठ भराले शेजारच्या बेबाबाईले बोलवायची ती.

मयुरी : आणि बाबा?

प्रमिलाबाई : ते मले म्हनत, आईचं मनावर घेऊ नको. आईले काही म्हनले नही कधी. मानूस चांगला व्हता, पन आईपुढं मुका.

रुपचंद : मला यातलं काही माहीत नव्हतं, ताई.

प्रमिलाबाई : माहीत करून घ्याले यावल काय लांब आहे? आठ किलोमीटर.

रुपचंद : नाही. लांब नाही. मी आलो नाही, कारण मला यायचंच नव्हतं. आता इतकं बोललो तर खरं तेही बोलतो. तुमच्या अंगाला डाग लागू नये, हे मी नंतर स्वतःची समजूत काढायला शोधलं. त्या दिवशी मला माझ्या दुकानाची भीती वाटली. पाखरांच्या नादात नवरीचा रोल घालवला, हे गावात फुटलं असतं तर कोणी दारात उभं केलं नसतं. तुमच्या नावाआड मी स्वतःला लपवलं. मनी चूक शे, बाई. बठ्ठी, सगळी मनी चूक शे.

मयुरी : नाना, खाली बसा. पाणी घ्या.

रुपचंद : त्यानंतर मी कधी पतंगाचा फोटो काढला नाही. फ्लॅश विकून टाकला. तुझ्या हातातला कॅमेरा पाहून परवा दुकानात पहिल्यांदा बोललो मी त्याबद्दल.

प्रमिलाबाई : त्याच्यातला एखांदा फोटो घेऊन आले का तुमी? मघापासून खिसा चाचपडू राह्यले.

रुपचंद : हो. हे घ्या.

प्रमिलाबाई : मयुरी, मोबाईलचा उजेड धर. असा नही, वरून. चमकते ते. हां.

मयुरी : दिसलं?

प्रमिलाबाई : केस पाह्य. केवढे केस व्हते तुह्या बापाले. अन् हसू राह्यले. भटजी समोर उभा अन् हे दात काढून हसू राह्यले.

रुपचंद : अंतरपाट खाली आला, तेव्हाचा आहे. त्यांनी तुम्हाला पाहिलं, त्या क्षणाचा.

प्रमिलाबाई : मले म्हनत, लग्नात मी तुह्याकडं पाहिलंच नही, गर्दीत दिसलीच नही तू. खोटं बोलत व्हते तं.

मयुरी : आणि पतंग, आई? तुमच्या दोघांच्या बरोब्बर मध्ये आहे. त्याच्या पंखातून तुझ्या शालूचा काठ दिसतोय.

प्रमिलाबाई : हो व. सोंड पाह्य किती लांब. फूलबी आलं आहे खाली. याले अपशकुन म्हनले असते?

रुपचंद : म्हणाले असते, ताई.

प्रमिलाबाई : हो. म्हनले असते. त्यांनी तसंबी म्हनलं असतं, असंबी म्हनलं. पन मले तोंड तं राह्यलं असतं. मी म्हनली असती, हे पाहा, माह्याबरोबर पाखरू आलं मांडवात. काही तं म्हनली असती. तुमी मले काही म्हनालेच जागा ठेवली नही, भाऊ.

रुपचंद : माफी मागायला तोंड नाही मला.

प्रमिलाबाई : नका मांगू. आज मांगली तं मी नही म्हनन, अन् घरी आलेल्या मानसाले नही म्हनाचं मले आवडत नही. बाकीचे पस्तीस कुठी?

रुपचंद : घरी आहेत. सगळ्या निगेटिव्ह जपून ठेवल्यात, बुरशीसुद्धा लागू दिली नाही. दर दसऱ्याला काढून पुसतो. आज सगळे छापून आणायचं धाडस झालं नाही. म्हटलं, एकानं काय होतं ते बघू.

प्रमिलाबाई : त्याच्यात सासू आहे का माही?

रुपचंद : आहेत. सूनमुखाच्या वेळचा आहे. तुमच्या दोघींपुढं आरसा धरलाय आणि आरशात दोन्ही चेहरे आलेत. पतंग खाली कोपऱ्यात गेलाय, चेहऱ्यांवर नाही.

प्रमिलाबाई : अन् ती कशी दिसते त्याच्यात?

रुपचंद : हसतायत. तुमच्याकडं बघून.

प्रमिलाबाई : माह्याकडं?

रुपचंद : आरशातल्या तुमच्या चेहऱ्याकडं. डोळ्यात पाणी आहे आणि हसतायत. मी कितीदा पाहिलाय तो फोटो, ताई. लेक मिळाल्यासारखं हसतायत.

मयुरी : आई?

प्रमिलाबाई : मान खाली व्हती ना माही. वर पाह्यचं नही, असं सांगेल व्हतं घरच्यांनी. मले दिसलंच नही ते. भाऊ, तो पह्यले छापा. यांचे मंग पाहू.