अण्णांच्या टीव्हीवरचं पहिलं चित्र

आमच्या शिवाच्या भावानं मस्कतहून टीव्हीला जोडायचा खेळ आणला होता. दत्ता लगेच म्हणाला, "यापेक्षा कॉम्प्युटर बरा की, त्याला सोताचा पडदा असतो."

शिवा भडकला. "खोलीएवढा कॉम्प्युटर तुझा बाप उचलून आणणार व्हय?"

पण गल्लीत टीव्ही एकच, कापडवाल्या अण्णांचा. तेव्हा पुण्याचं प्रक्षेपण सोलापूरला पोचतच नव्हतं, त्यामुळं त्यावर कायम नुसत्या मुंग्या. आम्ही खेळ जोडला आणि पडद्यावर दोन दांड्या, एक चेंडू लख्ख दिसला. अण्णांनी अख्खी गल्ली बोलावली, आम्हाला मात्र बटणाला हात लावू देईनात.

"गप बसा, कार्यक्रम चालू हाय!"

संध्याकाळी खेळ काढून निघालो, तर अण्णा दारात आडवे.

"डबा न्या तुमचा. चित्र तेवढं ठेवून जावा."