जांभळ्याचा इंटरव्ह्यू

दोष काकांचा. कोंबड्यांचा नाही, शेजारणीचा नाही, माझा तर मुळीच नाही… शेजारीण बिचारी एवढंच म्हणाली, की तुमच्या परसात दोन कोंबडे पहाटेपासून एकमेकांवर खेकसतात, एक ठेवा, एक देऊन टाका. सरळ गोष्ट! पण आमच्या घरात गोष्टी सरळ राहिल्या तर काका रिटायर होऊन करतील काय? ह्या माणसाने जन्मभर ऑफिसात बसून लोकांच्या मुलाखती घेतल्या. आता घरात उमेदवार कोण, तर पुतण्या, म्हणजे मी, तो कॉलेज सोडल्या दिवशीच त्यांच्या लेखी नापास… तर म्हणाले, कोणता ठेवायचा ते मी ठरवतो. "मी माणसं पारखलीत रे, हा तर कोंबडा!"

तुम्हाला सांगतो, ह्या कोंबड्यांचं खुराडं धुतो मी, दाणापाणी करतो मी, पण मला विचारतंय कोण?

त्यातला एक साहेब. शेपटी अशी चकाकती की तिच्यात बघून भांग पाडावा, तुरा इस्त्री केल्यासारखा, अंगावर ओरखडा म्हणून नाही. येईल कुठून? बोका परसात शिरला तेव्हा साहेब पाण्याच्या टाकीवर! सगळ्या कोंबड्यांना पाठीशी घालून बोक्यापुढे उभा राहिला तो दुसरा, माझा जांभळ्या. तुरा फाटला, डोळ्याखाली ओरबाडलं, एक नख गेलं, पण सगळं पुढून हो, पाठीला काही नाही. तुऱ्याला मी जांभळं औषध लावत होतो म्हणून जांभळ्या. ते लावावंच लागतं, कारण कोंबड्यांना लाल दिसलं की त्या टोचत सुटतात, आपला-परका बघत नाहीत… नातेवाइकांसारख्या.

तर काका परसात खुर्ची टाकून, चष्मा पुसून बसले. मी जांभळ्याला काखेत घेऊन पुढे. काकांनी खिशातला रुमाल भिजवला आणि म्हणाले, आधी हा मेकअप उतरव, खरा माणूस रंगाखाली असतो. मी म्हटलं, काका, पुसू नका, खपली निघेल. ऐकतील तर काका कसले? खसाखसा पुसलं. रक्त आलं, जांभळ्या माझ्या हातातून उडाला, कोंबड्या धावल्या, टोचाटोची, पिसं, धुरळा! काकांचा शेरा तयार: "भांडखोर. चारचौघांत मिसळत नाही." माझ्याबद्दलही हेच म्हणाले होते, शब्द सुद्धा बदलले नाहीत!

मग साहेब. साहेबांनी एक पंख खाली पाडला आणि तिरपे तिरपे काकांच्या पायांभोवती फिरले. काका विरघळले. "बघ, वाकून नमस्कार करतोय. ह्याला म्हणतात संस्कार." अहो कसले संस्कार? पंख पाडून तिरपा येणारा कोंबडा म्हणजे बाह्या सरसावणारा माणूस! आणि दाणा सापडला की जांभळ्या आधी कोंबड्यांना हाक मारतो, स्वतः मागून खातो, साहेब मात्र परातीच्या मधोमध उभे… हे सगळं मी सांगितलं. तर आतून काकू, "कोंबड्यासाठी एवढा घसा फोडतोस, परीक्षेआधी फोडला असतास तर?" आणि काका, तेच, मी माणसं पारखलीत…

रात्रभर तळमळलो. बोक्यापुढे जो उभा राहिला त्यालाच घराबाहेर काढायचं? सकाळी मान खाली घातली, तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा, आणि चहाच्या टेबलावर म्हटलं, "काका, जांभळ्याला ठेवा. मी कॉलेजला परत जातो."

काकांनी कप खाली ठेवला. काकूंना बाहेर बोलावून माझ्याकडून तेच पुन्हा वदवून घेतलं, ओळखीतल्या कुणाला तरी फोन लावला, प्रवेश पक्का केला. आणि मग, बशी पुसत पुसत, म्हणाले कसे, "तो मघाशी प्लंबर नळ दुरुस्त करून गेला ना, त्याला तुझा तो कोंबडा देऊन टाकला."

मी म्हटलं, अहो, मग माझा शब्द?

"शब्द तो शब्द. कोंबड्याचा काय संबंध?"

मी प्लंबरच्या घरी पळत गेलो. तो हात धूत होता. म्हणाला, तुरा फाटका होता खरा, पण चवीला काय फरक पडतो?

परत आलो तर परसात बोंब! साहेबांनी पंख पाडून नमस्कार केला होता, म्हणून काकांनीही वाकून उलट नमस्कार केला… आणि नाक बरोब्बर चोचीसमोर आणून दिलं. रक्त बघून कोंबड्या निघाल्याच होत्या. मी काकांना ओढून आत घेतलं, त्याच बाटलीतलं जांभळं औषध त्यांच्या नाकाला फासलं. जांभळ्या नाकाने काका म्हणतात काय, "जरा तापट आहे, पण रुबाब बघ. मी माणसं पारखलीत."

असो. जांभळ्या गेला, साहेब आहे, आणि सोमवारपासून मला कॉलेज आहे.